बावीस सेकंदांच्या पुढे

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा हात घसरला नव्हता. वकीलसाहेबांना मी तेव्हा घसरला म्हणून सांगितलं, वडिलांनाही तेच सांगितलं, आणि पुढे लग्न झाल्यावर नवऱ्यालाही कितीतरी वर्षं तेच ऐकवलं. आता ज्यांच्याशी खोटं बोलायचं ते बहुतेक सगळे गेले, आणि उरलेल्यांना ऐकू कमी येतं. तेव्हा खरं बोलायला हरकत नाही.

साठचं दशक निम्मं झालं होतं. मी साताऱ्याची, पण नोकरीला सांगलीत. मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते आणि एका लांबच्या मावशीकडे राहत होते. सांगलीत तेव्हा दोनच जातीची माणसं भेटायची, नाटक करणारी आणि आता पूर्वीसारखं नाटक राहिलं नाही म्हणणारी. मी पहिल्यांत शिरले. अभिनयाच्या जोरावर नव्हे हं. एकदा मला शेजारणीचं चार वाक्यांचं काम दिलं होतं, तर तिसऱ्या तालमीला दिग्दर्शक म्हणाले, "बाई, तुम्ही शेजारीच राहा, आमच्या घरात येऊ नका." मला नाट्यसंस्थेत ठेवलं ते एका वस्तूसाठी. आमच्या शाळेत कवायतीच्या रेकॉर्डी वाजवायला एक तीन गतींचा रेकॉर्ड प्लेअर आणलेला होता, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची.

हे दिग्दर्शक म्हणजे आमचे वकीलसाहेब. कोर्टात म्हणे त्यांचा आवाज कधी चढत नसे. तो सगळा ते राखून ठेवत आणि संध्याकाळी आमच्यावर काढत. तालमीत कोणी खोकलं तरी ते थांबत, खोकणाऱ्याकडे बघत, आणि खोकला पूर्ण होईपर्यंत सगळ्यांना उभं करत. त्या वर्षी नाट्यस्पर्धेसाठी त्यांनी स्वतःच एक नाटक लिहिलं होतं. फार गंभीर. दुसऱ्या अंकात म्हातारा बाप मरतो, मुलगा पाठ फिरवून खिडकीशी उभा राहतो, आणि दोन मिनिटं रंगमंचावर कोणी काही बोलत नाही. हे न बोलणं म्हणजे नवं नाटक, असं ते आम्हाला दोन-दोन तास बोलून समजावत.

बापाचं काम हळदीचे एक अडते करत. पोट सुटलेलं, स्वभाव राजा माणसाचा, आणि बोटं कितीही धुतली तरी पिवळीच. तीन महिने तालमी चालल्या आणि तीन महिने ते रोज संध्याकाळी मरायला वेळेवर हजर असत. नाडी बघणाऱ्या डॉक्टरचं काम वकीलसाहेब स्वतः करत, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात अडत्यांचा हात द्यायची त्यांची तयारी नव्हती.

आता त्या दोन मिनिटांच्या शांततेच्या आधी थोडं संगीत हवं होतं. मी कवायतीच्या रेकॉर्डी लावून दाखवल्या, त्यावर बाप मरण्याऐवजी उठून चालायला लागला असता. सतार लावली. वकीलसाहेब म्हणाले, "सतारीवर माणूस मरत नाही, सतारीवर माणूस आठवण काढतो." सनईला तर त्यांनी नुसता हात हलवूनच नकार दिला. त्यांना काहीतरी परकं, एकटं, या मातीत न सापडणारं हवं होतं. आठ दिवस हा शोध चालला आणि मग दाराकडून आवाज आला, "सायेब, माज्याकडं एक रेकाड हाय."

बोलणारे होते मामा. मामा म्हणजे आमच्या नाट्यगृहाचे डोअरकीपर. अंगात खाकी कोट, हात सडसडीत, आणि तिकीट फाडायची अशी हातोटी की दोन्ही तुकडे मोजून सारखे निघावेत. तिकीट नसेल तर भल्याभल्यांना ते पायरीवर उभं करत. तालमींनाही ते दाराशी स्टुलावर बसून असत, कारण कुलूप त्यांनाच लावायचं असे. दहिवडीकडचे, माण भागातले. तरुणपणी मुंबईला गेलेले आणि परत आल्यावर इथे चिकटलेले, एवढंच आम्हाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं. घोंगडीच्या आत जुनं लुगडं, लुगड्याच्या आत वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्राच्या आत मोठी लाँग प्ले रेकॉर्ड. वेष्टनावर सुटाबुटातला एक काळासावळा, भरल्या अंगाचा माणूस गालांचे फुगे करून ट्रम्पेट फुंकत होता, आणि त्याच्या मागे दहाबारा जणांचा ताफा वाद्यं सरसावून बसला होता. कोपऱ्यावर पाण्याचा एक जुना डाग, बाकी रेकॉर्ड कोरी करकरीत. अमेरिकेतलं जाझ होतं ते, नाचायच्या चालीचं. मामांनी ती दोन्ही तळव्यांवर धरून माझ्या हातात दिली आणि मी धरीपर्यंत हात खाली नेले नाहीत.

आम्ही पहिली बाजू शोधत शोधत ऐकली. सगळं उडतं, ठेक्याचं, पाय जागेवर न राहू देणारं. वकीलसाहेबांचं तोंड कडू होत चाललं होतं. तेवढ्यात तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला ताफा एकदम गप्प झाला आणि एकटं ट्रम्पेट, तोंडाशी काहीतरी धरून दाबलेलं, हलक्या आवाजात रडायला लागलं. वकीलसाहेब उभे राहिले. अडते आपणहून आडवे झाले. आणि आम्ही सगळे डोळे पुसण्याच्या बेतात असताना ढोल दणाणला आणि पूर्ण ताफा नाचत आत घुसला.

"बंद करा!" वकीलसाहेब ओरडले. मग घड्याळ लावून पुन्हा ऐकलं. ते रडणं बरोबर बावीस सेकंद होतं.

त्या दिवसापासून माझं काम ठरलं. सुई नेमकी कुठे ठेवायची ते लक्षात राहावं म्हणून मी खडूची रेघ मारणार होते, पण मामांनी दारातूनच "बाई, खडू नगं!" अशी हाक दिली. मग मी शाळेतली अर्ध्या फुटाची लाकडी पट्टी आणली. रेकॉर्डच्या मधल्या कागदापासून मोजून सुई ठेवायची, मनात बावीस आकडे म्हणायचे, एकवीसला आवाजाची चावी बारीक करायची आणि बावीसला सुई उचलायची. तालमीत ही बावीस सेकंदं रोज चार-पाच वेळा वाजायची. एकविसावा आकडा आला की दाराशी मामा मान वर करत. सुई उचलली की मान खाली.

"बाई, फुडं काय वाजतं?" त्यांनी एकदा मला हळूच विचारलं.

मला वाटलं थट्टा करताहेत. रेकॉर्ड त्यांची, दहाबारा वर्षं त्यांच्याकडे, आणि मला विचारतात पुढे काय वाजतं! तेव्हा कळलं की त्यांनी ती कधी ऐकलेलीच नव्हती. वाजवायला यंत्र कोणाकडे होतं? पहिल्या दिवशी आम्ही शोधाशोध केली तेव्हाही ते तिकिटाच्या खिडकीवर होते.

मग त्यांनी सांगितलं. मुंबईत एका बड्या हॉटेलात ते मुदपाकखान्यात बशा विसळायला होते. हॉलमध्ये गोव्याच्या वादकांचा बँड वाजायचा, असल्याच विलायती रेकॉर्डींवरून बसवलेली गाणी. मुदपाकखाना आणि हॉल यांच्यामध्ये दोन्हीकडे ढकललं जाणारं दार होतं. वेटर आत आला की दार उघडायचं आणि गाणं आत यायचं. दार मिटलं की गाणं बंद, पुन्हा नळ आणि बशा. "कुटलंबी गानं अख्खं म्हनून न्हाई ऐकलं बगा. लय लय तर ह्ये तुमचं बावीस." त्या बँडमधला ट्रम्पेटवाला मागच्या दाराने गरम पाणी मागायला यायचा, ओठ शेकायला. मामा त्याला रोज पातेलीभर पाणी काढून ठेवत. पुढे मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांचे रंग उतरले, बँड मोडला, आणि जाताना त्या माणसाने ही रेकॉर्ड मामांच्या हातात दिली. म्हणाला, आता सगळं ऐक.

तेव्हापासून मामा यंत्राच्या शोधात होते, आणि आता यंत्र त्यांच्यापासून तीस पावलांवर होतं.

मी तिथल्या तिथे लावायला निघाले. पण वकीलसाहेबांनी हात आडवा घातला. सुईने रेकॉर्ड झिजते, एकदा चरा पडला की स्पर्धेच्या दिवशी बाप कशावर मरणार? "मामा, स्पर्धा होऊ दे. मग दोन्ही बाजू ऐकवतो, शब्द देतो." आणि तालीम संपली की ते रेकॉर्ड आपल्या ऑफिसातल्या कपाटात, खटल्यांच्या कागदांवर आडवी ठेवून कुलूप लावत. मामांच्या हाती राहिली नुसती घोंगडी. वकीलसाहेब दुष्ट नव्हते. त्यांना खरंच वाटायचं की जगात त्यांच्या नाटकापलीकडे कोणाला काही हवंसं नसतं.

आमचा प्रयोग साताऱ्यात होता. सामान लॉरीने गेलं, आम्ही एस.टी.ने. रेकॉर्ड मात्र लॉरीत टाकायला मामा तयार होईनात, म्हणून ते स्वतःच आले, घोंगडीचं गाठोडं मांडीवर घेऊन. माझं माहेर साताऱ्याचं, त्यामुळे वडील दुसऱ्या रांगेत येऊन बसणार होते, आणि मुलगी नाटकात काय करते ते बघणार होते. मी विंगेत बसते, दिसत नाही, हे मी त्यांना कळवलं नव्हतं.

रंगपटात वकीलसाहेब डॉक्टरची मिशी चिकटवत होते. आरशातूनच म्हणाले, "आज मनासारखं झालं तर आपण पुढच्या फेरीत. मग आणखी दोन महिने तालमी. मामा, तोवर रेकॉर्ड कपाटातच बरी."

"मंग ऐकायची कवा?" मामांनी विचारलं.

"पुढची फेरी झाली की. आता इतकी वर्षं थांबलात, अजून दोन महिने!"

 मामांनी उगाचच घोंगडीची पुन्हा घडी घातली. मला इतका संताप आला की मी पट्टी दोन्ही हातांनी वाकवली, आणि ती मोडली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

दुसरा अंक आला. विंगेत माझं टेबल, टेबलावर प्लेअर, प्लेअरसमोर माइक. समोरच्या विंगेत पडद्याच्या दोरीशी मामा उभे. अडते पलंगावर गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन शेवटचे श्वास मोजत होते. डॉक्टर झालेले वकीलसाहेब मनगट धरून बसले होते. मुलाचं काम करणारा बँकेतला तरुण खिडकीकडे वळला. मी पट्टी लावून सुई ठेवली. ट्रम्पेट रडायला लागलं. सभागृहात कोणी हलेना. आमचं नाटक पहिल्यांदाच खरंच चांगलं चाललं होतं, हेही कबूल करते.

अठरा, एकोणीस, वीस. मी चावीला हात लावला आणि समोर बघितलं. मामांनी मान वर केली होती. तोंड किंचित उघडं.

एकवीस, बावीस. मी चावीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

ढोल दणाणला. मागोमाग सगळा ताफा, ट्रम्पेटं, सनईसारखी ती त्यांची क्लॅरिनेटं, सगळं माइकमधून थेट प्रेक्षकांच्या अंगावर. मृत्यूच्या त्या पवित्र क्षणी आमचा बाप पांघरुणाखाली दचकला. नंतर त्याने मेल्यासारखं पडून राहायचा प्रयत्न केला, पण ते गाणंच असं होतं की दहा सेकंदांत पांघरुणाच्या खालच्या टोकाला उजव्या पायाचा अंगठा ठेका धरू लागला. अडते शेवटपर्यंत म्हणत राहिले की तो त्यांचा अंगठा नव्हता. खिडकीशी मुलाचे खांदे गदागदा हलत होते. लोकांना वाटलं, काय रडतोय!

वकीलसाहेबांनी मान वळवून माझ्याकडे जे पाहिलं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. पण ते उठू शकत नव्हते. डॉक्टर मृताचा हात टाकून विंगेत कसा पळणार? मी डोळे प्लेअरवर खिळवले आणि चावी फिरवतेय असं सोंग केलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. आता सगळं नाटक कोसळणार, तेवढ्यात वकीलसाहेब ताडकन उभे राहिले, खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत गरजले, "घरात माणूस गेलाय आणि या लोकांच्या वराती! थांबवा रे तो बँड कोणीतरी!"

हसणारा गप्प झाला. सगळं सभागृह त्या खिडकीकडे बघू लागलं, जणू खरंच रस्त्यावरून नवरदेव चालला आहे. मग कोणी टाळी वाजवली, आणि टाळ्या पसरत गेल्या. मला वरात पुढे नेणं भागच होतं. मी सबंध गाणं वाजू दिलं, शेवटी चावी हळूहळू बारीक करत वरात कोपऱ्यावरून वळवली, आणि मग ती वकीलसाहेबांची शांतता आली. खरं सांगते, ती कधी एवढी खोल झाली नव्हती.

निकालाच्या वेळी परीक्षक स्टेजवरून म्हणाले की मरणाच्या दारातून दुसऱ्याच्या आनंदाची वरात नेण्याची कल्पना दिग्दर्शकाच्या प्रतिभेची साक्ष देते. वकीलसाहेबांनी मान लववून ती साक्ष स्वीकारली. आम्ही पुढच्या फेरीत गेलो. माझे वडील भेटायला आत आले आणि एवढंच म्हणाले, "तो बँड बरा होता. तू कुठे होतीस?"

रंगपटात वकीलसाहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "बाई, हात घसरला?"

"घसरला."

"पुढच्या फेरीला असाच घसरवा," ते म्हणाले, आणि मिशी ओढून काढली.

म्हणजे बघा मी काय करून ठेवलं. आधी त्यांना बावीस सेकंद लागत होते, आता अख्खं गाणं लागणार होतं. रेकॉर्ड आणखीच पक्क्या कुलपात जाणार. पण त्या वेळी मला त्याचं काही नव्हतं. मी स्वतःवर भलतीच खूश होते. मामांना मी पुढचं ऐकवलं होतं ना, तेही सगळ्यांच्या नाकावर टिच्चून! सकाळच्या एस.टी.त मी मुद्दाम त्यांच्या शेजारची जागा पकडली आणि आभाराची वाट बघत बसले. मामा गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते. 

कराडच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. मला राहवेना. "मग मामा, कळलं का पुढे काय वाजतं?"

"हात घसरला न्हाई तुमचा," ते म्हणाले. "मी बगत हुतो."

मी हसले. वाटलं, आता मान डोलावतील.

"बाई, एक सांगू? माजा बा गावकीची हलगी वाजवायचा. दुसऱ्याच्या लग्नात वाजवायची, दुसऱ्याच्या मयताला वाजवायची. बोलावलं की जायाचं, वाजवून झालं की वळचनीला बसायचं. धर्म बदलला तवा आमच्या घरानं हलगी सोडली. वाजवनार न्हाई म्हनून सांगितलं गावाला. लय तरास झाला, पर सोडली." त्यांनी बशीतला चहा संपवला. "हाटेलात मी दुसऱ्याच्या जेवनात ऐकलं. आन् काल तुमी माजी रेकाड दुसऱ्याच्या मयताला लावलीसा. ते अडतं पलंगावर पाय हालवत्यात, लोकं हसत्यात, सायेब वरडत्यात, त्यात मी काय ऐकनार? माज्यासाटी म्हनून कवा लावनार, ते सांगा."

मला आधी रागच आला. मी यांच्यासाठी एवढा धोका पत्करला आणि हे मलाच बोलतात! पेठनाक्यापर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. त्यानंतर भांडायला काही उरलं नाही आणि फक्त लाज उरली. मला मजा करायची होती, वकीलसाहेबांची जिरवायची होती, आणि मामांचं नाव मी वर चिकटवलं होतं. त्यांना काय हवंय ते मला माहीत होतं. त्यांनी ते साध्या शब्दांत सांगितलेलंही होतं.

सांगलीच्या स्टँडवर उतरल्यावर वकीलसाहेबांनी नेहमीसारखा हात पुढे केला. मामांनी गाठोडं काखेत घट्ट केलं.

"आदी ऐकनार. मंग देनार."

"अहो मामा, पण झिजेल..."

"झिजू द्या. आदी ऐकनार."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "रविवारी दुपारी. प्लेअर मी आणते." आयुष्यात पहिल्यांदा उलटतपासणी न करता ते म्हणाले, "मग रेकॉर्ड न्यायला मी तिथेच येतो."

रविवारी दुपारी नाट्यगृह रिकामं होतं. मामा धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी घालून आले. खाकी कोट नव्हता, त्यामुळे मी क्षणभर ओळखलंच नाही. मी प्लेअर स्टेजवर मधोमध ठेवला. मामांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली, तिकीट काढून आलेले लोक फिरवतात तशी, आणि तिसऱ्या रांगेत मधल्या खुर्चीवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्या सभागृहात त्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"सुरुवातीपासनं," ते म्हणाले. "आन् बाई, मधी बोलू नगा."

हे सांगायची गरज होती. मला बोलायची सवय आहे. मी तोंडावर पदर धरून स्टेजच्या पायरीवर बसले.

पहिलं गाणं लागलं. मीही ते कधी नीट ऐकलं नव्हतं, नेहमी पट्टी घेऊन मधलंच शोधायचे. ट्रम्पेटवाला एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा, मग सगळा ताफा त्याला उलट उत्तर द्यायचा, नळावर बायका देतात तसं, एकदम आणि हसत. मामा ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. दुसऱ्या गाण्यात मध्येच ते पुढे झुकले आणि स्वतःशीच म्हणाले, "हितं दार मिटायचं." आणि गाणं पुढे गेलं. मामा तसेच झुकलेले राहिले, गाणं संपेपर्यंत. तिसऱ्या गाण्याची ती बावीस सेकंदं आमच्या तालमींनी खरखरीत करून ठेवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही, त्यांना पुढचं हवं होतं. ढोल वाजला तेव्हा ते मोठ्याने हसले. एकटेच, त्या एवढ्या रिकाम्या सभागृहात.

मी बाजू बदलली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं निम्मं झालं असेल नसेल, मामांची मान कलली. मला वाटलं, डोळे मिटून ऐकताहेत. मग घोरण्याचा आवाज आला.

मला हसावं की रडावं कळेना. दहाबारा वर्षं वाट बघितली, संस्थेच्या दिग्दर्शकाशी उभा दावा मांडला, मला कराडच्या स्टँडवर धडा शिकवला, आणि आता दोन्ही पाय पुढे पसरून हा माणूस घोरतोय! ताफा जीव तोडून वाजवत होता. मी उठले, त्यांना हलवायला म्हणून दोन पायऱ्या उतरलेही, आणि थांबले. टोपी सरकून भुवईवर आली होती. चेहरा इतका निवांत होता की माझे हात पुढे जाईनात.

तेवढ्यात वकीलसाहेब आले, ठरल्याप्रमाणे रेकॉर्ड घ्यायला. दारातून त्यांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, चपला काढून हातात घेतल्या आणि मधल्या वाटेने तसेच आत आले. खोकणाऱ्याला उभं करणारा हा माणूस घोरणाऱ्याच्या शेजारी अनवाणी उभा राहिला. आम्ही दोघांनी उरलेली बाजू उभ्यानेच ऐकली. शेवटचं गाणं संपलं, सुई नुसतीच खरखरत फिरू लागली, आणि मी जाऊन ती उचलली.

शांततेने मामा जागे झाले. दचकून ताठ बसले, टोपी सारखी केली, माझ्याकडे बघितलं, मग वकीलसाहेबांच्या पुढे केलेल्या हाताकडे. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"संपली?" त्यांनी विचारलं. "दुसरी बाजू बी संपली?"

"छे हो," मी म्हणाले. "आत्ता तर पहिली संपली. दुसरी अजून लावायचीच आहे."

मामांनी वकीलसाहेबांकडे बघितलं, खरं-खोटं करायला. वकीलसाहेबांनी हात मागे घेतला. कोर्टात ते काय बोलत असतील ते असो, पण त्या दिवशी ते अगदी सहज बोलले.

"हो, आत्ताच पहिली झाली. लावा बाई, पहिल्यापासून लावा."

मी रेकॉर्ड उचलली, उलटवल्याचं सोंग केलं आणि तीच दुसरी बाजू पुन्हा लावली. वकीलसाहेब चपला हातात घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसले.